चार रास्पबेरी पायचा क्लस्टर आणि त्याचं वेगळं नेटवर्क

रास्पबेरी पाय म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटा संगणक, आणि क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणारे असे अनेक बोर्ड. घरच्या राउटरलाच चारही बोर्ड जोडले तरी क्लस्टर चालतो. पण राउटर बदलला किंवा लाईट जाऊन आली की आयपी पत्ते इकडचे तिकडे होतात आणि कोणता बोर्ड कुठे गेला ते शोधत बसावं लागतं. म्हणून क्लस्टरला स्वतःचं नेटवर्क द्या आणि बाहेर जायला एकच दार ठेवा. हे दार म्हणजे हेड बोर्ड: त्याचं वायफाय राउटरकडे, इथरनेट आतल्या स्विचकडे (स्विच म्हणजे बोर्ड केबलने एकमेकांना जोडणारी पेटी). उरलेले तीन बोर्ड, म्हणजे नोड, फक्त स्विचला.

सामान थोडंच लागतं: रास्पबेरी पाय ४ चे चार बोर्ड, ३२ जीबीची चार मायक्रोएसडी कार्डं, ५ पोर्टचा स्विच, कॅट ५ई च्या चार छोट्या केबल. स्विचच्या खोक्यावर १०/१००/१००० असं छापलेलं हवं. नुसतं १०/१०० असेल तर वेग दहावा हिस्सा. प्रत्येक बोर्डाला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा स्वतंत्र अडॅप्टर द्या. मोबाईलच्या चार्जरवर भार येताच व्होल्टेज बसतं आणि बोर्ड आपणहून वेग कमी करतो. अडॅप्टरवर इनपुट १००–२४० व्होल्ट लिहिलेलं बघून घ्या. रब्बीत शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गावाकडे व्होल्टेज किती खाली येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कार्डांवर रास्पबेरी पायच्या इमेजर प्रोग्रॅमने सिस्टिम एकेक करून लिहा. एका कार्डाची नक्कल बाकी तिघांत टाकली तर होस्टनेम (बोर्डाचं नाव), मशीन-आयडी आणि एसएसएचच्या (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करायच्या सोयीच्या) किल्ल्या सारख्याच राहतात, आणि पुढे घोळ होतो. चौघांवर एसएसएच चालू करा, पण वायफायची माहिती फक्त हेडला द्या. देश भारत निवडा, नाहीतर वायफाय बंदच राहू शकतं.

आता पत्ते. यात घाई करू नका. घरच्या राउटरचे पत्ते बहुधा १९२.१६८.०, १९२.१६८.१ किंवा जिओफायबरवर १९२.१६८.२९ ने सुरू होतात. आत तीच मालिका घेतली तर पॅकेट कोणत्या बाजूला पाठवायचं ते हेडला कळत नाही. बोर्डावरचं नेटवर्क सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर स्वतःहून १०.४२.० देतो, पण के३एस (क्लस्टरवर प्रोग्रॅम वाटून चालवणारी सिस्टिम) त्याच्या पॉडसाठी, म्हणजे आत चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, नेमकी १०.४२ हीच मालिका वापरतो. म्हणून हेडला १०.१०.१०.१/२४ घ्या (/२४ म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे). कॉलेजच्या नेटवर्कमध्ये १० ने सुरू होणारे पत्ते असतील तर १७२.२०.०.१/२४ घ्या आणि पुढे १०.१०.१० च्या जागी १७२.२०.० वाचा.

हेडवर सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) एनएमट्यूआय, म्हणजे नेटवर्कमॅनेजरचा मेनू, उघडा. इथरनेटचं आधीचं कनेक्शन काढून टाका, नाहीतर रीबूटनंतर तेच पुढे येऊ शकतं. नवीन इथरनेट कनेक्शन घ्या, डिव्हाइस ईटीएच० (इथरनेट पोर्टचं नाव), आयपीव्ही४ ला 'शेअर्ड', पत्ता वर ठरवलेला. गेटवे रिकामा सोडा. तिथे काही भरलं तर इंटरनेटची वाट स्विचकडे वळते आणि बाहेरचं सगळं बंद पडतं. 'शेअर्ड'मध्ये डीएचसीपी (नोडना आपोआप पत्ते वाटणं) आणि नॅट (नोडचं इंटरनेट हेडच्या पत्त्यावरून बाहेर नेणं) दोन्ही आलं. त्यासाठी डीएनएसमास्क-बेस हे पॅकेज पुरतं. पूर्ण डीएनएसमास्क टाकलं तर त्याची वेगळी सेवा ५३ नंबरचा पोर्ट अडवून बसते. जुन्या मार्गदर्शिकांत डीएचसीपीसीडी या आधीच्या नेटवर्क सेवेची फाइल बदलायला सांगतात. २०२३ च्या बुकवर्म या सिस्टिमच्या आवृत्तीपासून तिचा उपयोग नाही.

नोडचे पत्ते पक्के करायला ईटीसीमधल्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरात डीएनएसमास्क-शेअर्ड.डी हे फोल्डर पाहा. त्यात एक फाइल करून प्रत्येक नोडसाठी एक ओळ लिहा: डीएचसीपी-होस्ट, बरोबरचं चिन्ह, मॅक पत्ता, स्वल्पविराम, १०.१०.१०.११ (पुढच्या नोडना शेवटी १२, १३), स्वल्पविराम, नाव. मध्ये कुठेही जागा सोडू नका. मॅक म्हणजे नेटवर्क पोर्टचा स्वतःचा क्रमांक; तो इथरनेटचाच घ्या, वायफायचा वेगळा असतो. कनेक्शन बंद करून पुन्हा चालू करा आणि नोड रीबूट करा. हीच नावं हेडच्या होस्ट्स फाइलमध्येही लिहा, कारण हेड स्वतः या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारत नाही.

स्विचची केबल घरच्या राउटरला कधीही लावू नका. लावली तर हेडचा डीएचसीपी घरच्यांच्या मोबाईललाही पत्ते वाटू लागतो. लॅपटॉपवरून नोडवर जायचं असेल तर एसएसएचला मोठं 'जे' देऊन हेडमार्गे जा.

तपासणी या क्रमाने करा. नोडवरून १०.१०.१०.१ ला पिंग (उत्तर येतं का ते बघणारी कमांड), मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. पहिलं अडलं तर केबल किंवा डीएचसीपी, दुसरं अडलं तर हेडचं वायफाय किंवा नॅट, तिसरं अडलं तर डीएनएस. आयपर्फ३ ने वेग मोजा: ९४० मेगाबिटच्या आसपास ठीक, ९४ च्या आसपास अडकला तर बहुतेक केबलमधली एखादी जोडी तुटलेली आहे, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात.

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर जातो, आणि पाय ४ तर ८० अंशांना वेग कमी करू लागतो. पत्र्याच्या खोलीत हीटसिंकवर भागत नाही, पंखा लावाच. इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर लाईट बदलताना बोर्ड रीबूट होतात आणि कार्डं खराब होतात.

डीपी जळून दोन दिवस अंधार राहिला तर एक वेगळीच अडचण येते. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. इंटरनेटशिवाय चालू झालेला बोर्ड मागच्याच तारखेत राहतो आणि सुरक्षित कनेक्शनचं सर्टिफिकेट 'अजून वैध नाही' म्हणून नाकारतो. यासाठी हेडला डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल लावा आणि चौघांवर क्रोनी (वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) टाका. हेडच्या क्रोनीत आतल्या मालिकेला परवानगी द्या आणि लोकल स्ट्रॅटम १० लिहा, म्हणजे इंटरनेट नसतानाही तो वेळ देत राहील. नोडला सर्व्हर म्हणून फक्त १०.१०.१०.१ द्या. थोड्या वेळाने नोडवर क्रोनीचे सोर्सेस पाहा, १०.१०.१०.१ च्या आधी चांदणी दिसली की घड्याळं जुळली.