अनोखी गाडी लेआउटवर आणताय? या चुका टाळा

वेल्समधल्या डोंगरात दोन फुटांपेक्षाही किंचित अरुंद रुळांवरून वाफेचं इंजिन चाललंय. अंगावर डिझेल इंजिनांचा निळा रंग आणि बाजूला ब्रिटिश रेल या सरकारी रेल्वेचं दुहेरी बाणाचं चिन्ह. एखाद्या लेआउटवर, म्हणजे मांडलेल्या छोट्या मॉडेल रेल्वेवर, हे पाहिलं तर मॉडेल करणाऱ्याच्या डोक्यात गोंधळ झालाय असंच कुणालाही वाटेल. पण हे खरंखुरं घडलेलं आहे. ऑगस्ट १९६८मध्ये ब्रिटिश रेलच्या मोठ्या मार्गांवरची वाफेची इंजिनं बंद झाली, तरी व्हेल ऑफ रायडॉल ही छोटी लाइन त्यांच्याच मालकीची राहिली, ती १९८९मध्ये विकली जाईपर्यंत. तिच्या तीन वाफेच्या इंजिनांना बरीच वर्षं तोच निळा रंग होता.

अशा गोष्टी सापडल्या की माझा हात शिवशिवतो. तुमचाही शिवशिवत असणार. अडचण पुढे येते. ‘खऱ्या रेल्वेत कुठे ना कुठे असं घडलेलं असतंच’ असं म्हणत आपण वाटेल ते वाटेल त्याला जोडायला लागतो. अनोख्या गाडीला तीन गोष्टी चिकटलेल्या असतात: कारण, तारीख आणि बहुतेक वेळा एक ठरावीक नंबर. यातली एक जरी सुटली तरी मॉडेल नुसतं चुकल्यासारखं दिसतं, आणि खरी मौज तिथेच हरवते.

एका फोटोवरून अख्खा ताफा रंगवणं

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. १९७७मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लंडनच्या स्ट्रॅटफर्ड शेडने क्लास ४७ या प्रकारच्या डिझेल इंजिनांवर भलेमोठे ब्रिटिश झेंडे रंगवले. पण कितींवर? ४७१६३ आणि ४७१६४, एवढ्या दोनच. ग्रेट वेस्टर्न या जुन्या रेल्वे कंपनीच्या दीडशेव्या वर्षी, १९८५मध्ये, हिरव्या रंगात नटलेली क्लास ४७ इंजिनं चार होती: ४७०७९, ४७४८४, ४७५०० आणि ४७६२८. क्लास ५०मधलं एकच, ५०००७, आणि त्याचं नावही बदलून ‘सर एडवर्ड एल्गर’ केलेलं.

म्हणजे रंग निवडला की नंबर आपोआप ठरतो, आणि नंबर ठरला की बारकावेही ठरतात. एकाच क्लासच्या दोन इंजिनांत पुढच्या दिव्यांची जागा, बॉयलरच्या जाळ्या, टाक्या, छतावरचे पंखे वेगळे असू शकतात. दुकानातून आणलेलं मॉडेल भलत्याच नंबरचं असेल तर रंग कितीही सुरेख चढवा, जाणकाराची नजर जाळीवर अडकणारच. म्हणून रंगाची बाटली उघडण्याआधी त्या एका इंजिनाचे, त्याच वर्षाचे आणि दोन्ही बाजूंचे फोटो गोळा करा. दोन्ही बाजू हव्यातच. एका बाजूवरून दुसरीचा अंदाज बांधायला मी आता धजत नाही. झेंड्याच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण ब्रिटिश झेंड्यातल्या तिरक्या लाल पट्ट्या पांढऱ्याच्या मधोमध नसतात, आणि आरशातल्यासारखी उलटी नक्कल केली की झेंडाच चुकतो.

तारखांची गल्लत

लंडनच्या भुयारी रेल्वेकडे ग्रेट वेस्टर्नची जुनी पॅनियर टँक, म्हणजे बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेली वाफेची इंजिनं होती, गडद लाल रंगात. राडारोडा वाहायची, दुरुस्तीच्या गाड्या ओढायची. ती जून १९७१पर्यंत चालली. त्यामुळे १९७०च्या लंडनमध्ये निळं डिझेल आणि धूर सोडणारं लाल पॅनियर शेजारीशेजारी उभं करता येतं, अगदी हक्काने. तेच पॅनियर १९७५च्या लेआउटवर ठेवलं तर ते संग्रहालयाच्या खास फेरीला आलेलं ठरतं, मग आजूबाजूला कॅमेरे घेतलेली माणसंही हवीत.

कधी तारीख विजेच्या तारेत लपलेली असते. स्वित्झर्लंडमधल्या शूर ते आरोझा लाइनवरची गाडी शूरच्या भर रस्त्यातून जाते, आणि प्रवासी डब्यांना मालवाघिणी जोडलेल्याही दिसतात. मॉडेल करणाऱ्याला यापेक्षा आणखी काय हवं! पण १९९७पर्यंत ही लाइन २४०० व्होल्ट डीसीवर चालायची, आणि त्याच कंपनीच्या बाकीच्या मोठ्या जाळ्यावर ११ किलोव्होल्ट एसी होती. त्या जाळ्यावरचं इंजिन १९९०च्या आरोझा गाडीला लावलंत तर खऱ्या आयुष्यात ते जागचं हललंही नसतं.

अमेरिकेतली ‘कोडाक्रोम’ रंगसंगती हे माझं सगळ्यांत लाडकं उदाहरण. सँटा फे आणि सदर्न पॅसिफिक या दोन रेल्वे एक होणार असं धरून इंजिनांना लाल-पिवळा रंग चढला, आणि फिल्मच्या डबीसारखा दिसतो म्हणून हे नाव पडलं. एकाच्या इंजिनांवर ‘एसपी’ लिहिलं, दुसऱ्याच्या इंजिनांवर ‘एसएफ’, आणि उरलेल्या दोन अक्षरांसाठी शेजारी जागा मोकळी ठेवली. जुलै १९८६मध्ये सरकारी आयोगाने विलीनीकरण नाकारलं आणि ती जागा रिकामीच राहिली. मॉडेलवर हमखास होणारी चूक म्हणजे चारही अक्षरं लिहून मोकळं होणं, किंवा दोनच लिहून ती मधोमध आणणं. ती रिकामी जागा हीच तर या इंजिनांची गोष्ट आहे. ती तशीच सोडा.

रंग फोटोतून उचलणं

जुन्या फिल्मचा रंग उडतो, छपाईत बदलतो, पडद्यावर आणखी वेगळा दिसतो. नावंही फसवतात. लंडन-ब्रायटन रेल्वेच्या इंजिनांचा प्रमुख असलेल्या विल्यम स्ट्राउडलीचा ‘इम्प्रूव्ह्ड इंजिन ग्रीन’ हिरवा नव्हताच. तो सोनेरी मातकट पिवळा होता. ‘वेस्टर्न एंटरप्राइझ’ या डी१००० इंजिनाचा ‘डेझर्ट सँड’ म्हणजे वाळवंटी वाळूचा रंग कित्येक फोटोंत चक्क पांढरा दिसतो, आणि त्यावर विसंबून शुभ्र पांढरी मॉडेलं रंगवली जातात. दोनतीन वेगवेगळ्या उजेडातले फोटो शेजारी ठेवा. फोटोत ज्याचा रंग नक्की माहीत आहे अशी वस्तू शोधा, सिग्नलचा लाल दांडा किंवा काळी चाकं, आणि तिच्या तुलनेत अंदाज बांधा.

दुसरी गोष्ट, टेबलावरच्या दिव्याखाली जुळलेला रंग लेआउटच्या दिव्याखाली जुळेलच असं नाही. पिवळसर दिव्यात निळा मळकट होतो. प्लास्टिकच्या तुकड्यावर पट्टा मारून तो तुकडा लेआउटवरच ठेवून बघा. छोट्या मॉडेलवर अस्सल रंग थोडा जास्तच गडद वाटतो, त्यात थेंबभर पांढरा किंवा फिका राखाडी मिसळला की अंतरावरून पाहिल्यासारखा दिसतो. हे प्रत्येकाच्या डोळ्यावर आहे; मी लाल आणि पिवळ्यात मिसळत नाही, गडद हिरव्यात आणि काळ्यात मिसळतो.

आता प्रत्यक्ष रंगवताना येणाऱ्या अडचणी.

पिवळा किंवा लाल रंग चारचार थर देऊनही खालचा काळा झाकत नसेल, तर पाचवा थर देऊ नका. बारीक कोरीवकाम बुजून जाईल. जुना रंग काढा, पांढरा किंवा अगदी फिका राखाडी प्रायमर मारा आणि फिक्या रंगापासून सुरुवात करा. झेंडा असेल तर आधी पांढरा, मग लाल, शेवटी निळा.

मास्किंग टेपच्या कडेखालून रंग झिरपतो, याचा उपाय सोपा आहे. टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग पातळ मारा. झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं आणि फट बंद होते. मग नवा रंग मारा. टेप काढताना सरळ वर ओढू नका, मागे दुमडून हळूहळू सोलल्यासारखी काढा, आणि रंग दगडासारखा कडक व्हायच्या आधी.

डिकलखाली, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राखाली, चंदेरी चकाकी दिसली तर समजा खाली हवा अडकली आहे. खडबडीत मॅट रंगावर डिकल चिकटवल्यावर हे होणारच. आधी चकचकीत वार्निश, मग डिकल, मग डिकल मऊ करणारं द्रावण, आणि शेवटी हवं तसं मॅट किंवा निमचमकीचं वार्निश. चूक होऊन गेली असेल तर बारीक सुईने डिकलला टोचे मारा आणि वरून द्रावण सोडा. बहुतेक वेळा ते खाली बसतं. स्वित्झर्लंडच्या आरई ४६० इंजिनांवरच्या पूर्णाकृती जाहिरातींसारखं काही करायचं असेल तर एकच मोठा डिकल ओढूनताणून बसवू नका. जाळी, दार, पायरी जिथे येते तिथे तो कापा आणि तुकड्यातुकड्यांनी लावा.

दिसतं तसं जोडणं, पण कारण न बघता

ब्रिटनमध्ये अणुइंधनाच्या पेट्या वाहणारी गाडी पाहिलीत का? दोन मोठी डिझेल इंजिनं आणि मध्ये एखाददुसरी बुटकी वाघीण. ओझ्यापेक्षा ओढणारेच जास्त! वाटेत एक बंद पडलं तरी अशी गाडी अडकून राहू नये, म्हणून दुसरं सोबत. छोट्या लेआउटसाठी ही गाडी म्हणजे वरदानच, पूर्ण गाडी हातभर जागेत मावते. पण दोन टोकांना दोन इंजिनं लावली की मागच्याचे पुढचे दिवे चालू राहून जातात. मागच्या टोकाला लाल दिवाच हवा.

एकामागे एक इंजिनं जोडतानाही कारण बघा. ब्रिटिश डिझेल इंजिनांवर रंगीत खुणा असत. निळा तारा असलेली क्लास २०, २५, ३७ अशी इंजिनं आपापसात जोडून एकाच चालकाला चालवता येत. क्लास ४७च्या बहुतेक इंजिनांत सुरुवातीला ही सोयच नव्हती. दोन ४७ जोडलीत तर दोन्हींत चालक बसवा, एवढंच. पुतळा चिकटवायला पाच मिनिटं लागतात.

याउलट, चुकीची वाटणारी एक जोडी खरी निघते. १९८०च्या दशकाच्या शेवटी क्लास ९१ विजेची इंजिनं आली, पण गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागणारे चालक-डबे तयार नव्हते. म्हणून एचएसटी या वेगवान डिझेल गाडीची आठ पॉवर कार, म्हणजे टोकाची इंजिनं, त्या जागी लावली. त्या आठांना बफर बसवले होते. दुकानातलं बिनबफरचं साधं मॉडेल तिथे चालणार नाही.

बँकर आणि रस्त्यातली गाडी: सारखी घसरते, काय करू?

इंग्लंडमधल्या लिकी चढावर, ३७.७ला १ (३७.७ फूट पुढे गेलं की एक फूट वर) अशा चढणीवर, गाडीच्या मागून ढकलणारं इंजिन म्हणजे बँकर लागायचं. ते बहुधा गाडीला जोडलेलंच नसे. नुसतं टेकून ढकलायचं आणि माथ्यावर मागे राहायचं. आपल्याकडे भोर घाटाचा चढही ३७ला १च, पण तिथे मागची इंजिनं रीतसर जोडतात. म्हणजे कपलिंग ठेवायचं की काढायचं हे कोणता घाट करताय त्यावर ठरतं.

मॉडेलवर बँकर लावला की वळणावर मधली हलकी वाघीण उडी मारून बाहेर येते. दोष सहसा रुळांचा नसतो, दोन इंजिनांच्या वेगातल्या फरकाचा असतो. मागचं जोरात असेल तर मधलं सगळं चेपतं. दोन्ही इंजिनं एकेकटी त्याच फेऱ्यात सोडा, घड्याळ लावा आणि डिजिटल (डीसीसी) इंजिन असेल तर वेळ जुळेपर्यंत त्याच्या वेगाच्या सेटिंग, म्हणजे सीव्ही २, ५ आणि ६, बदला. पुढचं इंजिन थोडं वरचढ राहू द्या, म्हणजे डबे ताणलेले राहतात. साध्या डीसीवर असाल तर मागच्याचे गिअर काढून त्याला नुसतं वाहतं ठेवणं सर्वांत सुखाचं. मग वाघिणींचं वजन सारखं करा. जड पुढे आणि रिकाम्या मागे अशी रांग लावाल तर ढकलताना रिकाम्या घसरणारच.

रस्त्यातून जाणाऱ्या गाड्यांचा मोह मला कधीच आवरला नाही. इंग्लंडमधल्या वेमथला बंदरावर जाणारी गाडी दुकानांसमोरून, उभ्या मोटारींना खेटून जायची. पुढे रेल्वेचे कर्मचारी चालत, इंजिनाला घंटा आणि लुकलुकणारा दिवा लावलेला. नियमित गाड्या १९८७मध्ये थांबल्या. अमेरिकेत मिशिगन सिटीच्या रस्त्यातून २०२२पर्यंत विजेच्या लोकल धावत होत्या. जर्मनीत बाड डोबेरानच्या गल्लीतून वाफेवर चालणारी ‘मॉली’ नावाची गाडी अजूनही जाते.

इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. रुळांमध्ये प्लास्टर भरून ते रुळाच्या माथ्याशी अगदी बरोबरीत आणलं. दिसायला झकास. सुकल्यावर ते केसभर फुगलं, चाकं रुळावरून उचलली गेली आणि इंजिन जागोजागी बंद पडायला लागलं. भराव रुळाच्या माथ्यापेक्षा थोडा खालीच ठेवा. ओला असतानाच चाकाच्या कडेसाठी खाच पाडा, आणि सुकल्यावर सगळ्यांत जाड कड असलेली वाघीण हाताने ढकलून बघा. एकच डबा ठरावीक जागी चढत असेल तर त्याच्या दोन चाकांमधलं अंतर मापा. वळणावरचे दिव्याचे खांब आणि इमारती चिकटवण्याआधी सर्वांत लांब डब्याला टोकाला आणि मध्यावर पेन्सिल बांधून फिरवा. रेघ जिथे उमटेल तिथपर्यंत काहीही उभं करू नका.

आणि वेग! माणूस पुढे चालतोय तर गाडी त्याच्याच चालीने जायला हवी. ताशी ५ किलोमीटर म्हणजे ओओ मापात (खऱ्याच्या १/७६) एक मीटर जायला सुमारे ५५ सेकंद, एचओमध्ये (१/८७) साधारण ६३. घड्याळ लावून एकदा बघा, किती संथ असतं ते. इंजिन एवढ्या हळू चालताना अडखळत असेल तर आधी रूळ आणि चाकं पुसा, मग जास्त चाकांतून वीज घेता येते का पाहा.

सगळ्या गमती एकाच लेआउटवर

आइल ऑफ वाइट बेटावर लंडनच्या भुयारी रेल्वेचे १९३८ सालचे डबे जानेवारी २०२१पर्यंत धावत होते. मध्यंतरी त्यांच्या अंगावर डायनासोर रंगवले होते! हे बुटके डबे तिथे असण्याचं कारण साधं होतं. राइडचा बोगदा बुटका आहे आणि नेहमीच्या उंचीची गाडी त्यातून जात नाही. तिथल्या क्लास ०३ शंटरची, म्हणजे डबे हलवणाऱ्या छोट्या इंजिनाची, केबिनसुद्धा कापून बुटकी केली होती. आता याच लेआउटवर तुम्ही वेमथची गाडी, झेंड्याचं इंजिन आणि अणुपेटी आणलीत, तर बघणाऱ्याला डायनासोर दिसतच नाही. उलट बोगदा खरोखर बुटका करा, पूर्ण उंचीचं काहीही जवळ फिरकू देऊ नका, फलाट, खांब, कुंपण अगदी साधं ठेवा. मग ती डायनासोरवाली गाडी बोगद्यातून बाहेर येते तेव्हा पाहणारा आपणहून विचारतो, हे असं का? आणि तुमच्याकडे सांगायला बोगद्याची गोष्ट असते.