जुन्या ३५ एमएम मशीनवर मोठं रीळ चढवायचंय? आधी खालचा क्लच बघा

बंद पडलेल्या थेटरच्या केबिनमध्ये, टुरिंग टॉकीजवाल्यांच्या गोडाऊनमध्ये, कुठे एखाद्या हौशी माणसाच्या माळ्यावर सिनेमा दाखवायची जुनी ३५ एमएम मशीनं (प्रोजेक्टर) अजून सापडतात, आणि त्यातली बरीचशी थोडं तेलपाणी केलं की चालतात सुद्धा. अडचण एकच, वर-खाली जे स्पूल बॉक्स (रीळ ठेवायच्या बंद पेट्या) असतात त्यात हजार फुटी किंवा फार तर दोन हजार फुटी रीळ मावतं. ३५ एमएम फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे हजार फूट ११ मिनिटांत संपलं आणि दोन हजार साधारण २२ मिनिटांत. थेटरात दोन मशीनं शेजारी शेजारी असायची, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका आला की दुसरं मशीन सुरू, दुसरा ठिपका आला की चेंजओव्हर, प्रेक्षकाला पत्ताही लागायचा नाही. पण तुमच्याकडे एकच मशीन असेल (जत्रेतल्या तंबूत बहुतेक वेळा एकच असायचं) तर दर वीस मिनिटांनी लाइट लावून रीळ बदलायचं, आणि सिनेमाची मजा तिथेच जाते. म्हणून मोठं रीळ.

आता हे करायला बसलं की सगळे पहिल्यांदा वेल्डरकडे पळतात आणि लांब आर्म (रीळ धरणारे दांडे) बनवून घेतात, आणि तिथेच चुकतं. आर्म हे सगळ्यात सोपं काम आहे, कुठलाही लेथवाला करून देईल. खरा प्रश्न आहे तो खालच्या रिळाच्या ताणाचा, म्हणजे टेक-अपचा, आणि तो सोडवला नाही तर मोठ्या आर्मवर तुम्ही प्रिंट फाडायचं मशीन तयार कराल. पण क्रमाने जाऊ.

आधी किती मोठं हवंय ते ठरवा. १०,८०० फुटांचा दोन तासांचा सिनेमा इंटरव्हलला मधोमध तोडला तर ५,४०० चे दोन भाग होतात, ६,००० फुटी रिळात आरामात बसतो. अडीच तासांचा हिंदी सिनेमा मात्र १३,५०० फूट, म्हणजे अर्धा भाग ६,७५०, तो ६,००० मध्ये बसत नाही, तिथे तीन रिळं लागणारच, हे आधीच कळलेलं बरं. रिळाचा व्यास काढायचं गणित असं: आतल्या गाभ्याच्या व्यासाचा वर्ग, त्यात फिल्मची लांबी गुणिले जाडी गुणिले १.२७ मिळवा, आणि वर्गमूळ काढा, सगळं मिलिमीटरमध्ये. फिल्मची जाडी ०.१५ मिमी धरा. ५ इंची गाभ्यावर ६,००० फूट गुंडाळले तर व्यास साधारण ६०४ मिमी येतो, म्हणजे पावणेचोवीस इंच, आणि कडेला जागा सोडून रीळ २५ इंची लागेल. ४,००० फुटांना साडेएकोणीस-वीस इंच पुरतात. वजन पण बघा, नुसती फिल्मच ६,००० फुटांना १३ किलोच्या आसपास भरते, वर लोखंडी रिळाचं वेगळं.

माझं स्पष्ट मत, बीडाचा जड स्टॅंड जमिनीला बोल्ट करून बसवता येत असेल तरच ६,००० च्या भानगडीत पडा. पेटीत घालून न्यायचं पोर्टेबल मशीन असेल तर ४,००० वर थांबा, ४४ मिनिटं सलग मिळतात आणि स्टॅंड उलटायची भीती कमी. वर एवढं वजन एका बाजूला लटकतंय आणि रीळ जसं रिकामं होतं तसं ते वजन वरून खाली सरकतंय, हे डोक्यात ठेवून स्टॅंडचे पाय रुंद करा.

आर्मबद्दल थोडक्यात सांगतो. जाड चौकोनी पाइप किंवा चॅनल वापरा, पट्टी नको, पट्टी डुलते. स्पिंडल जुनाच बारीक ठेवला तर वजनाने वाकेल, म्हणून नवीन जाड शाफ्ट आणि दोन बेअरिंग, एक नाही दोन, मध्ये अंतर ठेवून. रिळाचं भोक शाफ्टच्या मापाचं आणि चावी घट्ट बसणारी हवी. मग वरच्या रिळाच्या मध्यापासून वरच्या स्प्रॉकेटच्या (फिल्मची भोकं धरून ती पुढे नेणारं दातेरी चाक) मध्यापर्यंत एक दोरा ताणून बघा, समोरून दोरा सरळ उभा दिसला पाहिजे, जरा तिरका असेल तर फिल्मची एक कड रिळाच्या पत्र्याला घासत राहील आणि तासाभरात काळी पूड पडायला लागेल. खाली पण तसंच. खालच्या रिळाला जमिनीपासून जागा पुरत नसेल (बहुतेक पुरत नाहीच) तर रीळ वेगळ्या स्टॅंडवर मशीनच्या पुढे किंवा मागे घ्या आणि रोलरवरून फिल्म न्या, फक्त रोलर मधे खोलगट हवेत म्हणजे फिल्म कडांवरच टेकेल, चित्राला काही लागणार नाही.

आता मुख्य गोष्ट, टेक-अप. खालच्या शाफ्टवर एक घसरता क्लच असतो, फेल्ट किंवा चामड्याची चकती आणि तिला दाबणारी स्प्रिंग. पुली एका ठराविक वेगाने फिरते, रीळ लागेल तेवढंच फिरतं, बाकीचं घसरतं. क्लचचा पीळ (फिरवायचा जोर, टॉर्क) कायम सारखाच असतो, पण फिल्मवर येणारा ताण म्हणजे पीळ भागिले त्रिज्या, त्यामुळे रीळ रिकामं असताना ताण जास्त आणि भरत आलं की कमी. ५ इंची गाभ्यावर ६,००० फूट भरताना हा फरक पावणेपाच पटीच्या आसपास पडतो. म्हणजे शेवटी १५० ग्रॅम ताण हवा म्हणून स्प्रिंग आवळली तर सुरुवातीला सातशेच्या वर ग्रॅमने फिल्म ओढली जाणार. गंमत म्हणजे जुनं २ इंची गाभ्याचं दोन हजार फुटी रीळ याहून वाईट, तिथे फरक जवळपास सात पट जातो! म्हणून रीळ मोठं करताना गाभा पण मोठा करायचाच, काही झालं तरी २ इंची गाभ्यावर चार-सहा हजार फूट गुंडाळू नका.

गाभा मोठा केला की दुसरा फायदा मिळतो जो बरेच जण घेतच नाहीत. २ इंची गाभ्याला सुरुवातीला मिनिटाला १७२ फेरे लागतात, म्हणून जुनी पुली त्याहून जोरात फिरते. ५ इंची गाभ्याला ६९ फेरे पुरतात आणि भरल्यावर जेमतेम १४. तर खालची पुली मोठी करा, शाफ्टच्या बाजूचा वेग ८५-९० फेऱ्यांवर आणा. क्लच कमी घसरेल, कमी तापेल. नाहीतर जुन्या वेगात तो तासभर घासत राहतो, फेल्ट गरम होऊन चिकट होतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत ताण अचानक बदलतो, आणि मग लोक म्हणतात मशीन खराब.

क्लच लावताना अंदाज नको, ताणकाटा घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तोच. रिकाम्या रिळाच्या गाभ्याला फिल्मचा तुकडा दोन वेढे गुंडाळून टोक काट्याला बांधा, मशीन सुरू करा आणि काटा हातात धरून रीळ थांबवून ठेवा, क्लच घसरत असताना काटा जो आकडा दाखवेल तो सुरुवातीचा ताण. मग तोच प्रयोग भरलेल्या रिळाच्या बाहेरच्या वेढ्यावर. पाच मिनिटं तसंच चालू देऊन परत बघा, गरम झाल्यावर आकडा किती हलतो ते महत्त्वाचं आहे. स्प्रिंग अर्धा अर्धा आटा फिरवा आणि चेक-नट लावायला विसरू नका, थरथरीने सुटतो.

काही चांगल्या मशीनवर रिळाच्या वजनाने आपोआप दाब वाढणारा क्लच असतो, रीळ भरेल तसा पीळ वाढतो आणि ताण बराच सारखा राहतो, तो मिळाला तर सोडू नका. वेगळी टॉर्क मोटर लावणं हा पण चांगला मार्ग आहे. गाडीच्या वायपरची मोटर मात्र थेट लावू नका, तिच्यात वर्म गिअर असतो, तो उलटा फिरत नाही आणि घसरतही नाही, मध्ये क्लच घातला तरच चालेल.

वरच्या रिळाला ब्रेक लागतो, साधा फेल्टचा चालतो. इथे उलटं होतं, रीळ संपत आलं की ताण वाढतो, म्हणून ब्रेक रिकामं होत आलेल्या रिळावर तपासा. फार सैल ठेवलात तर मशीन थांबवल्यावर रीळ फिरतच राहील आणि वर फिल्मचा ढीग होईल.

सगळ्यात जास्त प्रिंट तुटतात त्या मात्र मध्येच थांबवून परत सुरू करताना. खालचं रीळ अर्धं-पाऊण भरलेलं, जड, ते लगेच वेग घेत नाही, स्प्रॉकेट मात्र लगेच फिल्म सोडतो, तर आधी सैल फिल्म साठते आणि मग रीळ पळायला लागलं की एकदम झटका. उपाय दोन आहेत. एक, स्प्रॉकेट आणि रीळ यांच्यामध्ये स्प्रिंगवर झुलणारा रोलर बसवा, वर-खाली दोन्हीकडे, तो झटका पिऊन टाकतो, आणि खालच्या रोलरला एक मायक्रोस्विच जोडला की फिल्म तुटली तर मोटर बंद पडते. दोन, मोटर हळू सुरू होऊ द्या. थ्री फेज मोटर असेल तर व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवता येतो असं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावा, सिंगल फेज कपॅसिटर मोटरला साधा व्हीएफडी चालत नाही, तिथे सुरुवातीला खालचं रीळ हाताने ढकलून द्यायची सवयच लावून घ्या. पॉलिएस्टरच्या प्रिंटबाबत तर जास्तच जपा, ॲसिटेट फिल्म फाटते तरी, पॉलिएस्टर फाटत नाही, मशीनचा भाग वाकवते. ओळखायचं कसं? रीळ बाजूने उजेडासमोर धरा, पॉलिएस्टरमधून उजेड आरपार झिरपतो, ॲसिटेट गडद दिसतं. पॉलिएस्टरला सिमेंटचा जॉइंट लागत नाही, टेपच लावायचा.

आगीबद्दल. स्पूल बॉक्सच्या तोंडाशी जे छोटे रोलर असतात ते गेटमध्ये (दिव्यासमोरून फिल्म सरकते ती खिडकी) पेटलेली आग रिळापर्यंत पोचू नये म्हणून आहेत. मोठं रीळ उघड्यावर लावणार म्हणजे ते संरक्षण गेलं, म्हणून अशा मशीनवर फक्त सेफ्टी फिल्म (सहज पेट न घेणारी). १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची प्रिंट नायट्रेटची असू शकते, ती पाण्याखालीही जळते, कडेला सेफ्टी छापलेलं दिसलं नाही आणि खात्री पटत नसेल तर ती मशीनवर घालायचीच नाही, १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे विचारा. आणि दिवा कार्बनचा असेल तर एक तासाचं रीळ लावून काय उपयोग, कांडी त्याआधीच संपते. झेनॉन असेल तर प्रश्न नाही, पण बल्बला हात लावताना तोंडावर शील्ड आणि हातात जाड ग्लोव्हज, आतला दाब थंड असतानाही खूप असतो.

मोठ्या रिळाला रिवाइंडर पण मोठा लागतो. हळू गुंडाळा, आणि सैल गुंडाळलेलं रीळ टोक ओढून घट्ट करू नका, वेढे एकमेकांवर घसरतात आणि फिल्मच्या लांबीच्या दिशेने बारीक रेघा कायमच्या उमटतात. प्रिंट जोडताना प्रत्येक हजार फुटी रिळाचे पुढचे-मागचे लीडर (टोकांना जोडलेल्या सिनेमा नसलेल्या पट्ट्या) काढून नंबर लिहून डब्यात ठेवा, शेवटची फ्रेम कापू नका, प्रत्येक जोडणीत एक-एक फ्रेम गेली की दहा वेळा जोडल्यावर संवाद उडतात.

पहिली ट्रायल टाकाऊ ट्रेलर आणि जाहिराती जोडून घ्या, पण रीळ पूर्ण भरेल एवढ्या. दिवा न लावता चालवा, मध्ये दोन-तीनदा थांबवून परत सुरू करा. नंतर सुरुवातीचे शंभर फूट आणि शेवटचे शंभर फूट भिंगाखाली बघा. भोकांच्या कोपऱ्यांतून केसासारखी चीर निघालेली दिसली तर ताण जास्त आहे, सुरुवातीच्या भागात असेल तर क्लच, शेवटच्या भागात असेल तर वरचा ब्रेक. बोटाने कड चाचपली तर भोकाची धार उचलल्यासारखी लागते, ते पण तेच लक्षण. चीर नाही पण रीळ उचलल्यावर मधला भाग वाटीसारखा खाली ओघळतो, तर ताण कमी आहे.

शो झाला की प्रिंट मोठ्या रिळावर पडून ठेवू नका, परत हजार-दोन हजार फुटांचे भाग करा, आपापले लीडर लावा आणि डबे आडवे ठेवा.