गार गाडीत ऑटोमॅटिक गिअर उशिरा पडतो, तेव्हा काय पाहावे

रात्रभर थंडीत उभी राहिलेली ऑटोमॅटिक गाडी पहिल्या काही किलोमीटरांत नेहमीपेक्षा वेगळी वागते. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाण्याआधी इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) बरेच वर चढतात, दुसरा गिअर पडताना किंचित धक्का जाणवतो आणि सर्वांत वरचा गिअर तर बराच वेळ पडतच नाही. गिअरबॉक्स बिघडल्याची शंका अशा वेळी स्वाभाविक असली, तरी या वागण्याचा मोठा भाग गाडी बनवणाऱ्यांनी मुद्दाम योजलेला असतो. त्यामुळे दुरुस्तीचा निर्णय घेण्याआधी नेमके काय घडते आणि गाडी तापल्यावर ते थांबते का, हे पाहून घेणे आवश्यक आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले ऑइल वंगणाचे काम करतेच, शिवाय दाबाखाली क्लच पॅकचे (गिअर पकडणाऱ्या चकत्यांच्या संचाचे) पिस्टन सरकवणे आणि टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन व गिअरबॉक्स यांना ऑइलद्वारे जोडणाऱ्या भागातून) इंजिनाची शक्ती पुढे पोचवणे हीदेखील त्याचीच कामे आहेत. हल्लीच्या अनेक ऑटोमॅटिक ऑइलांचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला सुमारे ६ सेंटीस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक), तर ४० अंशांना सुमारे ३० सेंटीस्टोक असतो. म्हणजे कडक उन्हाळ्यातल्या तापमानालाही ते पाचपट दाट असते आणि शून्याच्या खाली हा दाटपणा फार झपाट्याने वाढतो. असे दाट ऑइल व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा प्रवाह वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्याच्या) अरुंद वाटांतून सावकाश वाहते, पिस्टनची पोकळी भरायला वेळ लागतो आणि क्लच पकडण्याची घडी चुकू शकते. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला ऑइलचे तापमान सेन्सरकडून कळत असल्यामुळे, गार असताना तो गिअर बदलण्याचे वेगळे वेळापत्रक वापरतो.

या वेळापत्रकामागे आणखी एक कारण आहे. धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढेच नीट काम करू लागतो, आणि तो लवकर तापावा म्हणून इंजिन थोडा वेळ चढ्या आरपीएमवर ठेवले जाते. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लचही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, याच काळात सुटा ठेवलेला असतो. लॉक-अप नसला की कन्व्हर्टरमध्ये ऑइल घुसळले जाते आणि त्या घुसळण्यातून निर्माण होणारी उष्णता ऑइललाच तापवते, त्यामुळे हा काळ आपोआप आखूड होतो. महामार्गावर सुरुवातीला त्याच वेगाला आरपीएम काहीशे जास्त दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

आता गाडी कशी चालवावी ते पाहू. गार इंजिन सुरू होताच आरपीएम १२०० ते १५०० पर्यंत जाऊ शकतात. त्याच क्षणी ‘डी’ (पुढे) किंवा ‘आर’ (मागे) टाकल्यास क्लच अधिक जोराने पकडतो आणि धक्का बसतो. म्हणून अर्धा-एक मिनिट थांबून आरपीएम उतरू द्यावेत, ब्रेक दाबून धरून गिअर टाकावा आणि गाडीने गिअर पकडल्याची हलकी जाणीव झाल्यावरच ब्रेक सोडावा. दहा-पंधरा मिनिटे ‘पी’मध्ये (पार्किंगमध्ये) इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्स तापवण्याचा प्रयत्न मात्र फारसा उपयोगी नाही: त्या स्थितीत गिअरबॉक्सवर भारच नसतो, त्यामुळे इंजिन तापते आणि ऑइल बरेच मागे राहते. सौम्यपणे चालवणे हाच ऑइल तापवण्याचा खरा मार्ग आहे. पहिले काही किलोमीटर अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबावा, तळापर्यंत दाबून गिअर खाली पाडायला लावू नये, आणि मॅन्युअल मोडमधून वरचा गिअर बळेच टाकण्याचा हट्ट धरू नये. मागेपुढे करून गाडी काढताना ‘आर’मधून ‘डी’मध्ये जाण्याआधी ती पूर्ण थांबवावी, ही सवय एरवीही चांगली, पण गार गिअरबॉक्सला तिची विशेष गरज असते.

सीव्हीटीमध्ये (पट्टा व पुलींवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक प्रकारात) ठरावीक गिअर नसल्याने उशीर असा जाणवत नाही, केवळ आरपीएम वर राहतात. एएमटी (ज्यात क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप हलवते) हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स असल्याने वरील बहुतेक विवेचन त्याला लागू होत नाही.

काळजी करण्यासारखी लक्षणे वेगळी आहेत. ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर दोन-तीन सेकंद गाडी काहीच प्रतिसाद देत नसेल, तर ऑइलची पातळी कमी असण्याची किंवा पिस्टनची रबरी सील कडक झाल्याची शक्यता असते. ऑइल गार असताना आकुंचन पावते आणि सीलही तेव्हाच सर्वांत ताठ असतात, त्यामुळे हे दोन्ही दोष प्रथम थंड सकाळी उघड होतात. आरपीएम वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत आहे असे समजावे आणि गाडी तापल्यावर सुधारेल या आशेवर ती चालवत राहू नये.

एक दोष मात्र हमखास नजरेआड होतो, आणि त्यापायी चांगले गिअरबॉक्स विनाकारण उघडले जातात. इंजिनाचा थर्मोस्टॅट (कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप) उघडाच अडकला, तर कूलंट पुरेसा तापत नाही आणि अनेक गाड्यांत कॉम्प्युटर गार वेळापत्रक सोडतच नाही. वरचा गिअर आणि लॉक-अप उशिरा येतात किंवा येतच नाहीत. ऑइलच्या तापमानाचा सेन्सर खराब झाल्यासही असेच होते. म्हणून अर्ध्या तासाच्या प्रवासानंतरही गाडी गार असल्यासारखी वागत असेल, तर प्रथम स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधील माहिती वाचणारे यंत्र) लावून कूलंट आणि गिअरबॉक्स ऑइल या दोहोंचे तापमान वाचावे. कूलंट ८० अंशांच्या बराच खाली रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट तपासावा. ऑइलचे तापमान उणे ४० दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर तुटल्याचा संशय घ्यावा.

ऑइलची पातळी तपासताना गाडीच्या पुस्तिकेत दिलेले तापमान काटेकोरपणे पाळावे लागते. डिपस्टिक असलेल्या बऱ्याच गाड्यांत ती तापलेल्या अवस्थेत इंजिन चालू ठेवून पाहतात, तर डिपस्टिक नसलेल्या अनेक गिअरबॉक्सांत ३० ते ५० अंशांच्या आसपास तळाचा किंवा बाजूचा प्लग उघडून पाहतात. चुकीच्या तापमानाला पाहून ऑइल भरले, तर ते जास्त होऊन फेसाळते, आणि फेसाळलेल्या ऑइलला दाब धरता येत नाही. मेकॅनिककडे गाडी देताना ती आदल्या रात्रीच त्याच्याकडे सोडावी, म्हणजे सकाळची पहिली सुरुवात त्याला स्वतः अनुभवता येईल; गार असतानाचा दोष तापलेल्या गाडीत दिसत नाही.