चामखिळीवर औषध लावताय? आधी या चुका टाळा

चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावला की चामखीळ गळते, असं आपल्याकडे अजून सांगतात. माझ्या भावाच्या बोटावर लहानपणी हाच प्रयोग झाला. जखम भरायला महिना गेला, व्रण कायमचा राहिला आणि व्रणाच्या कडेने चामखीळ पुन्हा उगवली. चुना आणि सोडा ओले एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. तो चांगली कातडीही जाळतो. बिब्ब्याचं तेल आणि रुईचा चीक यांचीही तीच गत. कृपा करून मुलांवर तरी हे करू नका.

दुसरी चूक ब्लेडची. ‘मूळ काढायला हवं’ म्हणून लोक खोल खणतात. चामखिळीला मूळ नसतंच. चामखीळ एचपीव्ही या विषाणूमुळे होते, तो कातडीच्या वरच्या थरात असतो आणि आत दिसणारे काळे ठिपके म्हणजे गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या. खणल्याने रक्त येतं, विषाणू शेजारी पसरतो. नखं कुरतडणाऱ्यांना नखांभोवती चामखिळी येतात त्या याच कारणाने.

औषधांच्या दुकानात मिळणारं सॅलिसिलिक अॅसिडचं औषध चांगलं आहे, पण लोक ते चार दिवस लावतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून ठेवून देतात. त्याला बारा आठवडेही लागू शकतात. रोज रात्री ती जागा पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, पुसून घ्या, पांढरी मऊ कातडी वज्रीने हलकेच घासा, भोवती व्हॅसलीन लावा आणि मगच नेमका चामखिळीवर थेंब टाका. न घासता लावलं तर औषध वरच्या मेलेल्या कातडीतच अडकतं. ती वज्री वेगळी ठेवा, टाचा घासायला वापरू नका. फार चुरचुरलं तर दोन-तीन दिवस थांबा. चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर हे औषध अजिबात नको. मधुमेह असेल तर पायावर स्वतःहून लावू नका.

तळपायाला कुरूप आहे की चामखीळ? वरून दाबल्यावर दुखतं ते बहुधा कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखते ती बहुधा चामखीळ. मानेवर लोंबणारे मऊ मस हा तिसराच प्रकार, त्यांना हे औषध लावू नका.

डॉक्टरांकडे द्रवरूप नायट्रोजनने, म्हणजे उणे 196 अंशांवर, गोठवून घेतलं तरी एका खेपेत सुटका होईलच असं नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जावं लागतं. मध्ये फोड आला तर घाबरू नका, फोडूही नका. लहान मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात, त्यामुळे दुखत नसेल तर थांबणं हाही उपचारच. मोठ्या वयात नवीन गाठ भराभर वाढली, चिघळली किंवा तिच्यातून रक्त येऊ लागलं, तर मात्र घरचं औषध बंद करून लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.