ताणाची प्रश्नावली मराठीत कशी आणावी: मानसशास्त्राचं पहिलं सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी

मानसशास्त्राचा प्रकल्प म्हटला की मुलं आकडेमोडीला घाबरतात. घाबरायचंच असेल तर प्रश्नावलीच्या मराठीला घाबरा. चुकीचं सूत्र लागलं तर दहा मिनिटांत बदलता येतं. शंभर जणांनी भलत्याच अर्थाने भरलेला प्रश्न मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला सुधारता येत नाही.

हाताशी एक विषय घेऊ. नागपुरात महाल, सीताबर्डीच्या अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं. ज्यांना टेन्शन जास्त, त्यांची झोप कमी असते का? एवढा एकच प्रश्न पुरे. त्याला आहार, मोबाइल आणि आत्मविश्वास जोडू नका.

माणसं किती हवीत? सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती सोबतीने बदलतात ते सांगणारा आकडा. ०.३ इतका मध्यम सहसंबंध ५ टक्के पातळीवर (म्हणजे नसलेला संबंध दिसण्याचा धोका ५ टक्के ठेवून) ८० टक्के खात्रीने पकडायचा तर साधारण ८५ लागतात. काही फॉर्म अर्धवट येतातच, म्हणून १०० धरा. ‘३० म्हणजे मोठा नमुना’ हा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे मान हलवा आणि सोडून द्या. सहभागी १८ वर्षांच्या वरचेच घ्या. त्याहून लहान असतील तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात.

आता खरं काम. ताण मोजायला मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ सालची ‘पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल’ ही मापनी बहुतेक जण घेतात, तीही १० प्रश्नांच्या आवृत्तीत. उत्तरं ० ते ४, एकूण गुण ० ते ४०. आधी तिचं मराठी रूपांतर कुणी केलेलं आहे का ते शोधा आणि मिळालं तर परवानगी मागून तेच वापरा. नाहीच मिळालं तर पुढचं वाचा.

रूढ पद्धत अशी: एकाने इंग्रजीतून मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून बघायचे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ही रीत नीट मांडली आणि ती करायलाच हवी. पण तिच्यावर विसंबू नका. शब्दाला शब्द ठेवलेलं वाईट मराठी परत इंग्रजीत नेलं की हुबेहूब मूळ वाक्य हाती येतं. ‘जीवनातील महत्त्वाच्या बाबींवर नियंत्रण ठेवण्यास आपण असमर्थ आहात असे वाटले’ हे वाक्य या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवेल. अभ्यासिकेतल्या मुलाला मात्र ‘नियंत्रण’ म्हणजे रागावरचं किंवा मोबाइलवरचं नियंत्रण वाटू शकतं. ‘महत्त्वाच्या गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या किती वेळा वाटल्या?’ हे मराठी आहे.

मराठीत हमखास फसवणाऱ्या चार जागा आहेत.

सगळ्यात वाईट नकाराची. ‘मला झोप लागत नाही’ या विधानापुढे ‘कधीच नाही’ असा पर्याय ठेवला, तर खूण करणारा काय सांगतोय? असं कधीच होत नाही, की झोप कधीच लागत नाही? छान झोपणारा आणि रात्रभर जागणारा, दोघेही त्याच चौकोनावर खूण करतील, आणि आकड्यांत ते तुम्हाला दिसणारही नाही. म्हणून विधान सोडा, प्रश्न विचारा: ‘गेल्या ७ रात्रींपैकी किती रात्री अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला?’ उत्तर आकड्यात घ्या.

दुसरी जागा पर्यायांची. ‘बऱ्याचदा’, ‘अनेकदा’ आणि ‘वारंवार’ यांत जास्त कोणतं, हे दहा जण दहा प्रकारे सांगतात. पाच पर्याय पाच चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा आणि दहा जणांना कमीपासून जास्तपर्यंत लावायला सांगा. एकानेही क्रम चुकवला तर शब्द बदला.

तिसरी लिंगाची. ‘मी थकलो/थकले’ अशा तिरप्या रेघांनी वाचणारा अडखळतो, आणि नुसतं ‘थकलो’ ठेवलं तर निम्म्या मुलींना फॉर्म आपला वाटत नाही. ‘मला थकवा आला’ किंवा ‘तुम्ही थकलात’ असं लिहिलं की भानगडच मिटते.

चौथी काळाची. ‘मागच्या महिन्यात’ म्हणजे काही जणांना कॅलेंडरवरचा मागचा महिना वाटतो. ‘गेल्या ३० दिवसांत’ लिहा, वर आजची तारीख लिहायला जागा द्या.

हे झालं की ज्यांना खऱ्या सर्वेक्षणात घेणार नाही अशा आठ जणांना एकेकटं बसवा. प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, ‘यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा.’ तुम्ही समजावायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. ‘म्हणजे मी चिडचिड करून राहिलो का, हेच ना?’ असं उत्तर आलं आणि तुम्हाला चिडचिड विचारायची नव्हती, तर दोष प्रश्नाचा. त्यांनी ‘टेन्शन’ म्हटलं तर फॉर्मवर ‘टेन्शन’च ठेवा. प्रमाण मराठीसाठी मार्गदर्शक अडून बसले, तर या आठ मुलाखतींच्या नोंदी समोर ठेवा. ही पायरी वगळून थेट गूगल फॉर्म पाठवणाऱ्यांचे निष्कर्ष मी वाचत नाही.

मग ३० जणांवर छोटी चाचणी घ्या. या मापनीत ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे आहेत, म्हणजे त्यांचे गुण ४ मधून वजा करून घ्यायचे. हे विसरलं की क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे सगळे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, घसरतो आणि लोक मापनीला दोष देतात. अल्फा ०.७० च्या वर आला तर पुढे जा. एखाद्या प्रश्नाचा बाकीच्यांच्या बेरजेशी संबंध ऋण आला, तर आधी तो उलटवला का ते बघा. उलटवलेला असेल तर त्याचं मराठी पुन्हा तपासा.

फॉर्म वाटताना शीर्षक ‘ताणामुळे झोपेवर होणारा परिणाम’ असं ठेवू नका, उत्तर तुम्हीच सांगितल्यासारखं होतं. ‘दिनचर्या आणि मनःस्थिती’ खरंही आहे आणि पुरेसंही. अभ्यासिका चालवणाऱ्या काकांच्या हातून वाटू नका. त्यांना कोण नाही म्हणणार? नाव घेऊ नका, मित्राशेजारी बसून भरू देऊ नका. फॉर्मच्या मागे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा. गुण जास्त आले म्हणून कुणाला ‘तुला नैराश्य आहे’ सांगायचं नाही, ही मापनी निदानासाठी नाहीच.

एक नागपुरी खोच: निम्मे फॉर्म फेब्रुवारीत आणि निम्मे मे महिन्यात भरून घेऊ नका. पारा ४५ च्या आसपास असताना खोलीत कूलर नसलेल्याची झोप उडते, ती टेन्शनने नव्हे. सगळे फॉर्म दोन आठवड्यांत भरून घ्या आणि कूलर आहे का हेही विचारा.

विश्लेषणात आधी आलेख काढून ठिपके बघा, मग सहसंबंध काढा. ताणामुळे झोप गेली की झोप गेल्यामुळे ताण आला, हे एकदाच घेतलेल्या सर्वेक्षणातून कळत नाही. तसं लिहूही नका. अहवालात ‘महाराष्ट्रातील युवक’ न म्हणता ‘नागपुरातल्या तीन अभ्यासिकांतले १०० विद्यार्थी’ म्हणा. कोणत्या प्रश्नाचे शब्द का बदलले, ते परिशिष्टात मूळ वाक्याशेजारी छापा.