नर्सरीच्या आधी एक चिठ्ठी लिहा

लेकीच्या नर्सरीचा चौथा दिवस. ती टीचरजवळ जाऊन म्हणाली, "शू आली." टीचर खाली वाकल्या, तिच्या बुटाचा वेल्क्रो नीट लावून दिला, "वेरी गुड बेटा" म्हणाल्या आणि दुसऱ्या मुलाकडे वळल्या. दुपारी दप्तरातून ओली चड्डी घरी आली. डायरीत शेरा होता: 'बच्ची को टॉयलेट ट्रेनिंग दें.' सव्वादोन वर्षांची असल्यापासून जिची चड्डी कोरडी, तिच्याबद्दल हे! बुटाची गोष्ट दोन दिवसांनी वर्गातल्या मदतनीस दीदींनी सांगितली, तेव्हा मला हसावं की रडावं कळेना.

चूक टीचरची नव्हती. आपण इंदूरकर समजतो की आपल्या मुलांना हिंदी आपोआप येतं. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी शिंपडलेली हिंदी. पण जे मूल तीन वर्षं आजीच्या पदराला धरून वाढलं, त्याच्या कानावर हिंदी पडलेलं असतं, तोंडात बसलेलं नसतं. आम्ही एबीसीडी घोकून घेतली, फळांची इंग्रजी नावं पाठ करून घेतली आणि 'सूसू' हा एक शब्द द्यायचा विसरलो. म्हणून तयारीला इथूनच सुरुवात करा.

पहिली पायरी: चिठ्ठी

एका कागदावर तुमच्या घरातले शब्द लिहा आणि समोर हिंदी अर्थ. देवनागरीतच लिहा, वाचणाऱ्याला अडचण येत नाही. शू, शी, नको, दुखतंय, कडेवर घे, कंटाळा आला, भीती वाटते. 'चावलं' हा शब्द विसरू नका. मुंगी चावली म्हणून मूल रडत आलं, तर टीचरला 'चावल' ऐकू येतो आणि भात घरी गेल्यावर मिळेल असं उत्तर मिळतं. घरात लाडाचं नाव असेल तर तेही लिहा, कारण पहिल्या आठवड्यात पुष्कळ मुलं हजेरीपटावरच्या नावाला ओ देत नाहीत. झोप आली की कान ओढतो, भूक लागली की चिडतो, अशा खुणाही दोन ओळींत येऊ द्या. चिठ्ठी टीचरला द्याच, पण एक प्रत दीदींनाही द्या. बाथरूमला त्याच नेतात.

दुसरी बाजू मुलाची. त्याला पाच वाक्यं पक्की हवीत: 'टीचर, सूसू आई', 'पॉटी आई', 'पानी चाहिए', 'यहाँ दर्द हो रहा है' (बोट लावून), आणि 'मुझे नहीं करना, छोड़ो'. शेवटचं वाक्य ढकलणाऱ्या मित्रासाठी आहे, तसंच कुणी नको तिथे हात लावला तर त्यासाठीही. घोकंपट्टीने ही वाक्यं येत नाहीत. बाहुल्यांची शाळा मांडा आणि शेजारच्या हिंदीभाषक काकूंना टीचर करा. आईसमोर मूल मराठीतच बोलणार, परक्या माणसासमोरच हिंदीचा सराव होतो.

एखाद्या शाळेत तुम्हाला सांगतील, "घर में हिंदी-इंग्लिश बोलिए." मान डोलवा आणि घरी मराठीच बोला. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं. हिंदी मूल वर्गात उचलेल. मराठी त्याला तुमच्या घराशिवाय कुठे मिळणार?

वय आणि कागद

केंद्राच्या धोरणाप्रमाणे पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत. उलटं मोजलं तर केजी-२ ला पाच, केजी-१ ला चार आणि नर्सरीला तीन. कट-ऑफ तारीख शाळेतच विचारा. काठावरचं मूल असेल तर मी तरी एक वर्ष थांबेन. अडीच वर्षांच्या मुलाला पुढे ढकलून काही कमावता येत नाही.

लागणारे कागद: नगर निगमचा जन्मदाखला, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), लसीकरणाचं कार्ड, फोटो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी प्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच, त्यामुळे तो आधी काढा. आता आपल्या मराठी लोकांचं खास दुखणं: ळ. काळे कुठे 'काले' होतात, कुठे काळेच राहतात. मधलं वडिलांचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. जन्मदाखला, आधार आणि समग्र शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा, आणि दुरुस्ती प्रवेशाच्या गर्दीआधी करून घ्या.

लसींच्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो. घाईत राहून गेला असेल तर शाळेआधी घ्या. खाजगी शाळेची फी झेपत नसेल तर शिक्षण हक्क कायद्याखाली २५ टक्के जागांसाठी राज्याची ऑनलाइन लॉटरी असते, आणि ती नर्सरीपासून आहे. आपल्यातले बरेच जण लाजेने तिकडे बघतच नाहीत. लाजू नका.

शाळा बघायला जाताना

रिसेप्शनवर कार्टून रंगवलेलं असतं. ते बघून झालं की बाथरूम दाखवायला सांगा. सीट मुलाच्या उंचीची आहे का, दार आतून अडकेल अशी कडी तर नाही ना, सोबत कोण जातं, कपडे कोण बदलतं. याची उत्तरं जिथे अडखळत येतात, तिथे मी प्रवेश घेणार नाही. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन धोरणात तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस, तीस मुलांना निदान ३५ चौरस मीटरची खोली आणि रोज तीन-चार तासांचा वेळ असं माप दिलं आहे. ते डोक्यात ठेवून वर्ग मोजा.

मग भिंती बघा. चित्रं मुलांनी काढलेली आहेत की छापील? वह्या दाखवल्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या वहीत पानभर 'ए' असेल, तर सावध व्हा. या वयात बोटांना ताकद येते ती कणीक मळून, मटार सोलून आणि वाळू उपसून. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, तेव्हा तिथे बिया, शिंपले, दगड हेच साहित्य होतं. ते आजही बिनखर्चाचं आहे.

शाळेत ने-आण करायला मॅजिक (छोटी टाटा गाडी) किंवा वॅन लावणार असाल तर पहिल्या दिवशी नाही, महिनाभरानंतर लावा. मुलं किती बसवतात ते सकाळी नाक्यावर उभं राहून स्वतः मोजा. सांगितलेला आकडा आणि मोजलेला आकडा वेगळा निघतो.

सराफा आणि झोप

आपलं शहर रात्री जागं होतं. दागिन्यांची दुकानं बंद झाली की सराफ्यात खाण्याच्या गाड्या लागतात, आणि भुट्ट्याचा कीस खायला कडेवरचं पोरही येतं. अकराला झोपणारं मूल आठच्या शाळेत शहाण्यासारखं वागेल ही अपेक्षा चूक आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहाला उठवायचं तर साडेआठला दिवा बंद, आणि दुपारची झोप वेगळी. एकदम जमत नाही. महिनाभर आधीपासून दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे सरका. आमच्या सासूबाईंनी 'एवढ्या लवकर कोण झोपतं?' म्हणून आठ दिवस असहकार पुकारला. मग त्याच दिवा घालवायला लागल्या.

डब्याचं झाकण मुलाला स्वतः उघडता आलं पाहिजे. घट्ट स्टीलचा डबा दिसायला छान, पण तो तसाच भरलेला परत येतो. घरी त्याच डब्यात जेवायला द्या. पोहे सांडतात, छोटी थालीपिठं किंवा पराठ्याचे तुकडे बरे. अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. चड्डीला नाडी-बटण नको, इलॅस्टिक हवं.

फाटकाशी

मूल खेळात गुंतलं की गुपचूप सटकायचं, असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. ऐकू नका. एकदा आई अशी नाहीशी झाली की दुसऱ्या दिवशी मूल खेळतच नाही, तुमच्यावर पहारा देतं. 'डबा खाल्ला, गाणी म्हटली, की मी इथेच उभी असेन' असं घड्याळाऐवजी कामांच्या भाषेत सांगा, पापा घ्या आणि जा. वळून बघू नका. सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी फाटकाशी हजर राहा. पहिल्या आठवड्यात तरी उशीर परवडत नाही.

रडणं दोन-तीन आठवडे चालतं. मधेच घरी शू होऊ लागणं, अंगठा चोखणं, चिकटून बसणं हेही होतं आणि जातं. मात्र महिना उलटला तरी मूल दिवसभर रडत असेल, खात नसेल, किंवा एखाद्याच माणसाला घाबरत असेल, तर 'सवय होईल' म्हणून सोडू नका. त्याच दिवशी शाळेत जाऊन बोला. पहिल्या पावसाळ्यात सर्दी-ताप सारखे येणार. ताप औषधाशिवाय चोवीस तास गेलेला असल्याशिवाय पाठवू नका. रजेचा प्रश्न घरात आधीच ठरवून घ्या: कोण राहणार, आई की बाबा? (आमच्याकडे हे न ठरवल्यामुळे जुलैत बरीच भांडणं झाली.)

घरी आल्यावर 'आज काय शिकवलं?' विचारलं की 'काही नाही' एवढंच मिळतं. 'डबा कुणाशेजारी बसून खाल्लास?' असं विचारा.

आणखी एक इंदुरी अडचण. आपल्याकडे बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, जेमतेम सवय होते आणि मे महिना सुट्टीचा येतो. जूनच्या मध्याला रडणं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा दचकू नका, फक्त चिठ्ठीची नवी प्रत काढून न्या. एप्रिलची जुनी प्रत टीचरच्या टेबलावरून गेलेली असते, कधी टीचरही बदललेल्या असतात.