विजेच्या दाबाच्या उसळीपासून घरातील उपकरणे कशी वाचवावीत

टीव्ही किंवा वायफाय राउटर जळाला की "एमसीबी असूनही असे कसे झाले?" असा प्रश्न हमखास विचारला जातो. एमसीबीचे, म्हणजे वितरण पेटीतील आपोआप बंद होणाऱ्या स्विचचे, काम वायरिंग वाचवण्याचे आहे; प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की तो ट्रिप होतो, परंतु दाब हजारो व्होल्टपर्यंत चढून काही मायक्रोसेकंदांत उतरला, तर त्याला हालचाल करायलाही वेळ मिळत नाही. स्टॅबिलायझरसुद्धा सावकाश कमीजास्त होणारा दाब सावरतो, अशी उसळी नव्हे. जवळपास वीज कोसळल्याने किंवा गेलेला पुरवठा परत येताना उसळी येते, आणि पंपाची मोटर किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद होतानाही ती लहान प्रमाणात निर्माण होते.

सर्वांत आधी अर्थिंग तपासून घ्यावे, कारण ते नसेल तर पुढचा बहुतेक खर्च वाया जातो. तीन पिनांचे सॉकेट दिसले म्हणजे आतली तिसरी तार जोडलेली असतेच असे नाही, आणि टेस्टरचा दिवा फक्त फेज दाखवतो. म्हणून जाणकार इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगचा रोध मीटरने मोजून घ्यावा.

त्यानंतर मुख्य वितरण पेटीत टाइप २ प्रकारचे एसपीडी, म्हणजे उसळी अडवणारे उपकरण, बसवून घ्यावे. त्याच्या आतील व्हॅरिस्टर नेहमीच्या दाबाला जवळजवळ बंद दारासारखा असतो आणि दाब मर्यादेपलीकडे गेला की क्षणात वाट मोकळी करून जादा प्रवाह अर्थिंगकडे वळवतो. बसवताना एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे: एसपीडीला जोडणाऱ्या तारांची एकूण लांबी शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत असावी आणि तारांची वेटोळी करू नयेत. मोठ्या उसळीत एक मीटर तारेवरच सुमारे १००० व्होल्ट चढू शकतात आणि तेवढा जादा दाब उपकरणांना सोसावा लागतो.

संगणक, टीव्ही यांच्याजवळ सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे उसळी अडवणारी सोय, असलेला बोर्ड वेगळा लावावा. साधा एक्स्टेंशन बोर्ड आणि हा बोर्ड दिसायला सारखेच असतात, म्हणून खरेदी करताना पाठीवरचा मजकूर जरूर वाचावा. जूल क्षमता (उसळीची किती ऊर्जा तो बोर्ड पचवू शकतो) जितकी जास्त आणि संरक्षण पातळी (उसळीच्या वेळी उपकरणापर्यंत पोहोचणारा दाब) जितकी कमी, तितके चांगले. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ही पातळी १.५ किलोव्होल्ट किंवा त्याहून कमी असावी.

तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तुटला, तर घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊन तो कितीही वेळ टिकू शकतो. अशा वेळी व्हॅरिस्टर स्वतःच तापून जळतो, म्हणून दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारा रिले एसपीडीच्या जोडीला असावा. पुरवठा परत आल्यावर पुन्हा सुरू होण्यास काही मिनिटे विलंब लावणारा रिले घेतला, तर फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरचीही काळजी मिटते.

वीज अगदी जवळ कोसळली तर यांपैकी कशाचीच खात्री देता येत नाही. वादळ दूर असतानाच प्लग काढावेत, आणि त्यांच्याबरोबर टीव्हीची केबल व राउटरला येणारी तांब्याची तारही काढावी, कारण उसळी त्या वाटेनेही येते. गडगडाट डोक्यावर आल्यानंतर मात्र प्लगला हात लावू नये. वादळ ओसरल्यावर वितरण पेटी उघडून एसपीडीची छोटी खिडकी पाहावी. ती हिरवी असल्यास ठीक, लाल झाली असल्यास आतील भाग लगेच बदलून घ्यावा.